बारा तासांची खोली

खोली लहान आहे. मध्ये एक टेबल, भोवती दोन-तीन खुर्च्या आणि एका भिंतीत पलीकडून आत पाहता येईल अशी काच. टेबलाशी बसलेला माणूस साठीतला, कृष्णवर्णीय, अंगाने थकलेला. त्याचं नाव रिझली टकर. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात तो घोडागाडीवरून फळं-भाजी विकतो. समोर दोन डिटेक्टिव्ह आहेत आणि त्यांच्या हातात बारा तास आहेत. अडीना वॉटसन या अकरा वर्षांच्या मुलीचा खून या म्हाताऱ्याने केला, असा त्यांचा संशय आहे. त्याला यापूर्वी बोलावून झालंय, विचारून झालंय. पुन्हा पुन्हा उचलून आणलं तर तो छळ ठरेल, म्हणून ही शेवटची बैठक. बारा तासांत कबुली मिळाली तर मिळाली, नाहीतर तो उठून घरी जाईल.

‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ या मालिकेचा हा पाचवा भाग. नाव ‘थ्री मेन अँड अडीना’. एनबीसी वाहिनीवर तो मार्च १९९३मध्ये दाखवला गेला. मी तो आजवर पाच-सहा वेळा पाहिला असेन. शेवटी काय होतं हे पाठ असूनही दर वेळी मधे कुठेतरी माझ्या ध्यानात येतं, की मी खुर्चीच्या कडेवर आलोय आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला सांगतोय, ‘बोल. बोलून टाक एकदाचं.’ त्याने खून केलाय की नाही हे मला माहीत नाही. तरीही त्याने ‘मी केला’ म्हणावं, असं मला जिवापासून वाटत असतं. ही इच्छा कुठून येते, याचा मी बरीच वर्षं विचार करतोय.

या गोष्टीचं मूळ १९८८ सालात आहे. डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचा गुन्हे वार्ताहर. त्याने नोकरीतून रजा काढली आणि ते अख्खं वर्ष शहराच्या खून तपास विभागात बसून काढलं. त्या वर्षी बाल्टिमोरमध्ये २३४ खून झाले. रात्रपाळ्या, शवागार, रस्त्यावरचं रक्त, चौकशीची खोली, कोर्ट, सगळीकडे तो अधिकाऱ्यांच्या मागे वही घेऊन फिरला. १९९१ साली त्याचं जाडजूड पुस्तक आलं. त्या पुस्तकाच्या काळजात एका अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचं प्रकरण आहे. संशय वस्तीतल्या एका मासे विकणाऱ्या दुकानदारावर होता. मुलीच्या कपड्यांवरचे काळे डाग आणि त्याच्या जळून गेलेल्या दुकानातली काजळी यांचं साम्य दिसत होतं. त्याला अनेकदा बसवून प्रश्न विचारले गेले. तो बधला नाही. त्याच्यावर कधी आरोपपत्र आलं नाही, खटला उभा राहिला नाही आणि त्या मुलीच्या खुनाचा उलगडा झाला नाही.

बाल्टिमोरमध्येच जन्मलेला दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन याने हे पुस्तक छोट्या पडद्यावर आणलं. मालिकेची रचना पॉल अटनासिओची आणि तिची सूत्रं टॉम फोंटाना या लेखकाकडे. मालिकेत खुनांचा एक मोठा पांढरा फळा आहे. प्रत्येक अधिकाऱ्याच्या रकान्यात मृतांची नावं. प्रकरण उघडं असेपर्यंत नाव लाल शाईत राहतं, सुटलं की काळ्या शाईत लिहिलं जातं. सायमनने खऱ्या कचेरीत असाच फळा पाहिला होता. अडीनाचं नाव टिम बेलिस या नवख्या अधिकाऱ्याच्या रकान्यात येतं. खून विभागातली त्याची ही पहिलीच केस.

फोंटानाने मासेवाल्याचा भाजीवाला केला आणि माझ्या मते अर्धी बाजी तिथेच मारली. बाल्टिमोरमध्ये अशा फेरीवाल्याला ‘एरॅबर’ म्हणतात. रस्त्यावर वाढणाऱ्या बेवारस पोरांना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘स्ट्रीट अरब’ म्हणत, त्यावरून हा शब्द पडला असावा असं मानलं जातं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय पुरुषांनी हा धंदा धरला. रंगवलेली गाडी, घोड्याच्या साजाला घुंगरं आणि कलिंगडं, टोमॅटो, मका विकताना गळ्यातून निघणारी लांबलचक हाळी. सकाळी आपल्या गल्लीत भाजीवाली हेल काढून ओरडते आणि तिचा आवाज ऐकूनच आज काय आणलंय ते कळतं, तसंच हे. आता असे गाडीवाले तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. अशा माणसाला वस्तीतलं प्रत्येक दार माहीत असतं आणि पोरं त्याच्या घोड्याभोवती जमतात. अडीनाही त्याच्याकडे यायची. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तो वस्तीचा लाडका असायला हवा, तीच गोष्ट त्याच्यावरच्या संशयाचं कारण होते. काजळीचे डाग इथेही आहेत, त्याच्या जळालेल्या तबेल्याचे.

बेलिसच्या जोडीला फ्रँक पेम्बल्टन आहे. तोही कृष्णवर्णीय, पण न्यूयॉर्कचा, जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकलेला, कडक इस्त्रीचा आणि कडक जिभेचा. चौकशीच्या खोलीतला तो बादशहा. आंद्रे ब्राउअरने ही भूमिका अशी केली, की पुढे त्याने दुसरं काहीही केलं तरी लोक त्याला पेम्बल्टन म्हणूनच आठवत राहिले. तो २०२३च्या डिसेंबरात गेला. बेलिस झालाय काइल सीकॉर. आणि टकर म्हणजे मोझेस गन, रंगभूमीवर मुरलेला नट, ‘रूट्स’ या गाजलेल्या मालिकेतही तो होता. हा भाग दाखवला गेला त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचं निधन झालं.

जवळजवळ सगळा भाग त्या एका खोलीत घडतो. पाठलाग नाही, गोळीबार नाही, भूतकाळात घेऊन जाणारी दृश्यं नाहीत. एवढ्यावर तीनचतुर्थांश तास प्रेक्षक धरून ठेवायचा म्हणजे साधन म्हणून उरतात फक्त चेहरे, आवाज आणि वेळ. दिग्दर्शक मार्टिन कँपबेल, जो पुढे ‘गोल्डनआय’ आणि ‘कसिनो रॉयाल’ हे बाँडपट करणार होता, त्याने या तिन्हींचा कस लावला. मालिका सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, कॅमेरा खांद्यावर घेऊन चित्रित व्हायची. तिचं संकलनही तेव्हाच्या टीव्हीच्या मानाने आडदांड होतं. एकाच दृश्याचा मधला तुकडा कापून टाकायचा, म्हणजे टेबलाशी बसलेला माणूस पापणी लवायच्या आत भिंतीशी उभा दिसतो. जंप कट म्हणतात याला. एरवी ही नुसती शैली वाटली असती. इथे तिला अर्थ मिळतो, कारण कोंडलेल्या माणसाला वेळ असाच तुटक जाणवतो. किती वाजले, मघाशी काय म्हणालो, कितव्यांदा म्हणालो, सगळं सरमिसळ होत जातं. पाहणाऱ्याचंही तेच होतं.

बंद खोलीतल्या प्रश्नांचा असा वापर मराठी प्रेक्षकाला नवा नाही. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवावं. वेळ घालवायला मांडलेला अभिरूप खटला, हसतखेळत विचारलेले प्रश्न आणि बघता बघता बेणारेबाईंभोवती आवळत गेलेला फास. त्या नाटकात प्रेक्षक म्हणून आपण पहिल्या हसण्यांत सामील असतो, म्हणून नंतरची शिकार आपल्यालाही चिकटते. फोंटानाच्या भागातही आपण सुरुवातीपासून पोलिसांच्या बाजूचे आहोत. लेकराचा खून झालाय. दुसरी बाजू घेणार तरी कशी? सुरुवातीची ही बाजू आपण स्वतः निवडलेली नाही, आणि मला वाटतं भागातली सगळी ताकद त्यातच दडलेली आहे.

आता ते दोघे नेमकं करतात काय, ते पाहू. सुरुवात गप्पांनी होते. पेम्बल्टन मवाळ, बेलिस खवळलेला. मग भूमिका बदलतात. एक कानाशी कुजबुजतो, दुसरा अंगावर येतो. मुलीची छायाचित्रं समोर येतात. तोच प्रश्न पुन्हा, थोडा वळवून पुन्हा. टकर एखाद्या किरकोळ गोष्टीत चुकतो, की तिचा धागा धरून दोघे त्याला मागे ओढतात. सायमनने आपल्या पुस्तकात चौकशी करणाऱ्याची तुलना विक्रेत्याशी केली आहे आणि मालिकेत पेम्बल्टनच्या तोंडी ती कल्पना येते. विकायचा माल म्हणजे दीर्घ तुरुंगवास, आणि गिऱ्हाईक असं, की ज्याला त्या मालाची काडीची गरज नाही. तरीही सही मिळवायची.

हे नाटककाराच्या डोक्यातून निघालेलं नव्हे. शिकागोच्या पोलीस खात्यात काम केलेला जॉन रीड आणि कायद्याचा प्राध्यापक फ्रेड इनबाऊ यांनी १९६२ साली चौकशीच्या तंत्रावर एक पाठ्यपुस्तकच लिहिलं. अमेरिकी पोलिसांच्या कित्येक पिढ्या त्या पद्धतीवर तयार झाल्या. खोली लहान आणि उघडी-बोडकी असावी, संशयिताला बाहेरच्या जगाची आठवण देणारं काही नजरेला पडू नये, खुर्ची जवळ ओढून बसावं, त्याचा गुन्हा सिद्धच झालाय अशा खात्रीने बोलावं, तो ‘मी नाही’ म्हणायला लागला की वाक्य पुरं होऊ देऊ नये. आणि मग, तो दमला की, हळूच एक पायरी पुढे करावी. ‘तू काही मुळात वाईट माणूस नाहीस. रागाच्या भरात झालं असेल. तिनेच काहीतरी केलं असेल.’ इज्जत थोडी वाचवून गुन्हा कबूल करायची ही वाट. मारहाण नाही, धाक नाही असं कागदावर म्हणता येतं. परंतु माणसाला नकार द्यायचा थकवा यावा आणि होकार हा विसावा वाटावा, यासाठीच ही सगळी मांडणी आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६च्या मिरांडा निकालात या पुस्तकातल्या युक्त्यांची दखल घेतली. एर्नेस्टो मिरांडा या तरुणाने फीनिक्स शहरात पोलिसांच्या दोन तासांच्या चौकशीनंतर कबुलीवर सही केली होती. वकील मागता येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ठरवलं, की कोठडीतल्या माणसाला गप्प राहण्याचा आणि वकील घेण्याचा हक्क आधी सांगितलाच पाहिजे. इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला ते शब्द तोंडपाठ आहेत. फरक किती पडला? रिचर्ड लिओ या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात १८२ चौकश्या पाहून नोंदवल्या. त्यांत ७८ टक्के संशयितांनी हा हक्क आपणहून सोडून दिला. निर्दोष माणूस तर हमखास सोडतो, कारण त्याला वाटतं, आपल्याला लपवायचंय काय? टकरही वकिलाशिवाय बसलेला आहे. शिवाय पोलीस खोटं बोलू शकतात. ‘तुझ्या साथीदाराने सगळं सांगितलंय’ अशी थाप मारून मिळवलेली कबुली १९६९ साली याच न्यायालयाने ग्राह्य धरली.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. पुराव्यांत कबुलीलाच एवढा मान का? तिचा इतिहास फार मागे जातो, आणि त्यात एक तारीख अशी आहे की ती कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. साल १२१५. रोममधली चौथी लॅटरन धर्मपरिषद. तोवर युरोपात गुन्ह्याचा निवाडा देवावर सोपवायची पद्धत होती. आरोपीने उकळत्या पाण्यात हात घालायचा, हात बांधून ठेवायचा आणि तीन दिवसांनी जखम कशी भरली यावरून निकाल. आपल्याकडे ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. ‘अग्निदिव्य’ हा शब्द आपण अजून बोलण्यात वापरतो. शिवकाळातल्या वतनांच्या तंट्यांत रवादिव्य होई. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने उचलायचा, मग हाताला पिशवी घालून मोहोर लावायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमक्ष ती उघडायची. तर त्या १२१५च्या परिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली. त्याच परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन केलंच पाहिजे, असाही नियम केला.

देवाने निवाडा करायचा थांबवला आणि माणसाला बोलतं करायचं काम माणसाच्या गळ्यात पडलं. पुढच्या शतकांत युरोपातल्या बऱ्याच देशांच्या कायद्यात कबुली ही पुराव्यांची राणी ठरली. गंभीर गुन्ह्यात दोन प्रत्यक्ष साक्षीदार नसतील तर कबुली हवीच. ती सहजी मिळेना, म्हणून यातना देणं कायदेशीर झालं. जेझुइटांकडे शिकलेला पेम्बल्टन त्या खोलीत पाद्र्यासारखा आवाज खाली आणतो, तेव्हा मला ही सगळी वंशावळ त्याच्या मागे उभी दिसते. वसईत किंवा गोव्यात चर्चमध्ये पापनिवेदन करणारा माणूस हलका होऊन बाहेर पडतो. पेम्बल्टन तोच हलकेपणा देऊ करतो. बाहेर पडणं तेवढं त्याच्या हातात नसतं.

आणि पाहणाऱ्याला हवं असतं ते तेच. डाग जुळले, साक्षीदार सापडला, तरी मनात किंतू राहतो. माणूस स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हणाला की तो जातो. न केलेला गुन्हा कोण कशाला कबूल करील, असं आपल्याला वाटतं.

पण लोक करतात. स्टीव्हन ड्रिझिन आणि वर उल्लेखलेले लिओ यांनी २००४ साली अमेरिकेतल्या १२५ खोट्या कबुल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची निर्दोषता निर्विवाद सिद्ध झाली, अशाच लोकांच्या त्या कबुल्या होत्या. ज्या प्रकरणांत चौकशी किती वेळ चालली याची नोंद सापडली, त्यांत सरासरी १६ तासांहून जास्त भरली. निम्म्या चौकश्या बारा तासांपेक्षा लांबल्या होत्या. अमेरिकेत नेहमीची चौकशी दोन तासांच्या आत आटपते. हा आकडा वाचल्यावर मी तो भाग पुन्हा पाहिला. ‘फक्त बारा तास’ हे शब्द तोवर मला पोलिसांची अडचण वाटायचे. मुलीला न्याय मिळायला वेळ कमी पडतोय, असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते तास खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या बाजूने मोजले.

हा भाग पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणातली पाच मुलं शिक्षा भोगत होती. १९८९ साली बागेत धावायला गेलेल्या एका तरुणीवर पाशवी हल्ला झाला होता. पकडलेली मुलं चौदा ते सोळा वर्षांची. चौघांनी कॅमेऱ्यापुढे गुन्ह्यातला आपला वाटा सांगितला. त्यांची वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती, मिळालेले शारीरिक पुरावेही त्यांच्याशी जुळत नव्हते. तरी ज्यूरीने कबुलीवर विश्वास ठेवला. २००२ साली दुसऱ्याच एका कैद्याने गुन्हा आपला असल्याचं सांगितलं, डीएनए त्याचाच निघाला आणि पाचही शिक्षा रद्द झाल्या. त्यांतला एक, युसेफ सलाम, २०२३ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आला.

इंग्लंडने यावर वेगळा मार्ग काढला. १९८४च्या कायद्यानंतर तिथे चौकशीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांना कबुलीमागे न लागता माहिती काढण्याचं नवं शिक्षण देण्यात आलं. याचा परिणाम तिथल्या मालिकांवरही दिसतो. ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या ब्रिटिश मालिकेतली चौकशीची दृश्यं वीस-वीस मिनिटं चालतात. ध्वनिमुद्रण यंत्राचा लांब आवाज, मग एकामागून एक पुढे सरकवलेले कागद आणि फोटो, शेजारी वकील. तिथला ताण पुराव्याच्या कागदातून येतो. बाल्टिमोरच्या खोलीत कागद नाहीच, म्हणून तिथे माणूसच सोलावा लागतो.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत अमेरिकेपेक्षाही सावध आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशीचा अहवाल आला. महसुलासाठी आणि गुन्हे उकलण्यासाठी माणसांचं काय केलं जातं, ते त्यातून उघड झालं. १८६१च्या फौजदारी संहितेत ही मनाई आली, तिथून ती १८७२च्या पुरावा कायद्याच्या २५व्या कलमात गेली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती २३व्या कलमात आहे. अपवाद एवढाच, की आरोपीने सांगितल्यावरून काही वस्तू सापडली तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं वापरता येतं. म्हणून आपल्या खटल्यांत ‘आरोपीने हत्यार काढून दिलं’ आणि त्याचा पंचनामा याला एवढं महत्त्व असतं. बाकी कबुली द्यायची तर ती दंडाधिकाऱ्यापुढे, विचार करायला वेळ देऊन, ती आपल्याविरुद्ध वापरली जाईल हे समजावून.

मात्र आपली भाषा कायद्याच्या मागे राहिली आहे. ‘सीआयडी’ मालिकेत शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न समोर उभे राहिले की आरोपी भागाच्या शेवटी सगळं घडाघडा सांगून मोकळा होतो आणि आपल्यासाठी खटला तिथेच संपतो. वर्तमानपत्रात ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य मी लहानपणापासून वाचत आलोय. ते वाक्य लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्यातल्या ‘खाक्या’ शब्दाचा अर्थ नीट माहीत असतो. वाक्य मात्र शाबासकीचंच असतं.

महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या मोका कायद्यात ही मनाई सैल झाली. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्यात ग्राह्य धरता येते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत झालेल्या सात स्फोटांत १८०हून अधिक माणसं गेली. त्या खटल्यात अशा कबुल्या होत्या. २०१५ साली खालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना दोषमुक्त केलं. त्या कबुल्यांवर विसंबता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. छळाच्या तक्रारी आणि निरनिराळ्या कबुल्यांतला शब्दशः सारखा मजकूर याकडे त्याने बोट दाखवलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला. सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र धाडलं नाही. त्या संध्याकाळी विरार लोकलची वाट पाहत बसलेल्या घरांना एकोणीस वर्षांनी हाती काय लागलं, हे लिहायला मला शब्द सापडत नाहीत. कबुली खोटी ठरली की आरोपी सुटतो एवढंच होत नाही. खरं काय घडलं ते शोधायची वर्षंही तिच्याबरोबर गेलेली असतात.

बाल्टिमोरच्या त्या खोलीत शेवटचे तास सुरू होतात, तेव्हा फोंटाना डाव उलटवतो. इतका वेळ झेलत बसलेला टकर बोलायला लागतो, पण त्या दोघांबद्दल. पेम्बल्टनला तो सांगतो, की तुला माझ्यासारख्या माणसांची लाज वाटते. जिथून आलास ते तुला पुसून टाकायचंय. बेलिसला सांगतो, की तुझ्या आत काहीतरी काळं आहे आणि तू त्याला घाबरतोस. मोझेस गन हे ओरडून म्हणत नाही. आयुष्यभर दारोदार माल विकताना गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायची सवय झालेला माणूस जसा बोलेल, तसा तो बोलतो. आणि दोन्ही बाण वर्मी लागतात. बेलिस लहानपणी घरातल्याच माणसाच्या अत्याचाराला बळी पडला होता, हे मालिका कित्येक भागांनंतर सांगणार असते. सोलायला बसलेले स्वतःच सोलले जातात. खोलीचं हे यंत्र एकाच दिशेने चालत नाही, हे इतक्या थेटपणे दाखवणारं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग टकर तुटतो. कबुली येते. पण ती आपण ज्याची वाट पाहत होतो ती नव्हे. या अकरा वर्षांच्या मुलीवर आपलं प्रेम होतं, आयुष्यात खरं प्रेम असं तेवढंच, हे तो सांगतो. ऐकताना अंगावर काटा येतो, पोटात कालवतं. याहून लाजिरवाणं सत्य तो माणूस कुठल्याही परक्यासमोर बोलला नसता. आणि खून? तो मी केला नाही. माणूस आतून रिकामा होईपर्यंत सगळं बाहेर आलंय आणि जे हवं होतं ते त्यात नाही. आता याचा अर्थ कसा लावायचा? एवढं सांगणाऱ्याने खून कशाला लपवला असता? की इतकं सांगितल्यामुळेच उरलेलं लपवणं त्याला शक्य झालं?

बारा तास संपतात. टकर बाहेर पडतो. या लेखनासाठी फोंटानाला त्या वर्षी एमी पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो त्याने पुढच्या एका मिनिटासाठी मिळवला. आत जाताना बेलिसची खात्री होती आणि पेम्बल्टनला शंका होती. बाहेर आल्यावर पेम्बल्टन म्हणतो, त्यानेच केलं. आणि आपली पहिली केस छातीशी धरून बसलेला, त्या म्हाताऱ्याचा सर्वांत जास्त द्वेष करणारा बेलिस म्हणतो, की आता मला ठाऊक नाही. दोघे एकाच खोलीत होते, त्यांनी एकाच माणसाचा तोच शब्द न् शब्द ऐकला होता.

चौथ्या पर्वात मालिका या प्रकरणाकडे एकदा परत आली. तसाच एक खून, तसंच लहान मूल. त्या खुनाचा गुन्हेगार सापडतो. बेलिसला वाटलेलं असतं की अडीनाचंही उत्तर त्याच्यापाशी असेल, ते नसतं. मालिका सात पर्वं चालली, १२२ भाग झाले. फळ्यावर नावं चढली, पुसली गेली, काही काळी झाली. अडीना वॉटसनचं नाव काळ्या शाईत कधीच लिहिलं गेलं नाही.